काळी शेळी आणि ईदच्या शेवया

आमच्या लहानपणी मराठवाड्यातल्या आमच्या गावात शेळ्या दिवसभर मोकळ्याच हिंडत. उस्मानाबादी जातीच्या, काळ्याभोर, लांब कानांच्या. अंगणाचे दार उघडे दिसले की आत! वाळत घातलेली ज्वारी असो की पोराची वही, त्यांना सारे सारखेच. आमची भूगोलाची वही शेळीने खाल्ली, हे गुरुजींना शेवटपर्यंत पटले नाही. आज वर्गात एखादा मुलगा तेच कारण सांगतो, तेव्हा आम्ही त्याला लगेच खोटा ठरवत नाही.

पण एक आठवण हसण्यावारी नेता येत नाही.

1988 साली रमजान एप्रिल-मेच्या कडक उन्हात आला होता. अम्मी आणि दादीने रोजे ठेवून ईदसाठी पाटावर शेवया केल्या, बाजेवर धुतलेली चादर अंथरून अंगणात वाळत घातल्या. राखणीला आम्ही. दुपारी ओढ्याकडे पोरांचा गलका ऐकू आला आणि आम्ही दाराची कडी न लावताच पळालो. परतलो तेव्हा शेजारच्या मावशींची काळी शेळी बाजेवर चढलेली, निम्म्या शेवया फस्त, उरलेल्या मातीत.

अब्बांनी विचारले, "दार कोणी उघडे टाकले?" आम्ही गप्प. उपाशीपोटी भडकलेल्या अब्बांनी शेळीला ओढत नेऊन ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्यात घातले. मावशी एकट्या, मोलमजुरी करणाऱ्या. दंड भरायला हातात पैसा नव्हता. संध्याकाळी त्यांच्या घरातून दोन करडांचे ओरडणे आमच्या इफ्तारच्या दस्तरखानापर्यंत येत होते. खजूर घशाखाली उतरेना.

दादी उठली. "जनावर है, उसको क्या मालूम ईद किसकी!" म्हणत तिने कनवटीचे पैसे काढले आणि अब्बांनाच दंड भरायला पाठवले. दुसऱ्या दिवसापासून मावशी रोज लोटाभर दूध आणून देऊ लागल्या. दादी नको म्हणाली, तरी ऐकेनात. ईदचा शीरखुर्मा त्याच दुधाचा झाला. ते दूध करडांच्या वाट्याचे होते, हे आम्हाला कळत होते.

दादीने तेव्हा हजरत दाऊद आणि हजरत सुलेमान (अलैहिस्सलाम) यांचा किस्सा सांगितला. कुणाच्या शेतात दुसऱ्याच्या शेळ्यामेंढ्या शिरल्या, तो निवाडा. सूरह अंबियात त्याचा उल्लेख आहे. पुढे वाचनात आले, की ती घटना रात्रीची होती. आणि हदीसमध्ये हजरत बरा बिन आज़िब (रज़ि.) यांची उंटीण एका बागेत शिरली, तेव्हा प्रेषितांनी (स.) निर्णय दिला : दिवसा बागेची राखण बागवाल्याने करावी, रात्री जनावराची राखण जनावरवाल्याने.

आमच्या शेवया दिवसा गेल्या होत्या. म्हणजे चूक शेळीची नव्हती, मावशींचीही नव्हती. राखणदार आम्ही होतो.

अब्बा हयात असेपर्यंत हे सांगायचे धैर्य झाले नाही. काही वर्षांपूर्वी गावी गेलो, तेव्हा मावशींना सांगितले. त्या म्हणाल्या, "ठाऊक होतं की रे. तुला पळताना पाहिलं होतं मी. म्हटलं, रोज्याच्या दिवशी लेकराला मार कशाला?"

वाचकहो, शेजाऱ्याच्या हक्कावर आम्ही वर्गात अनेकदा बोललो आहोत. तो हक्क आमच्या बाबतीत मात्र त्या माऊलीने मुकाट्याने अदा केला होता. तुमच्या घरातले मूल चूक करून गप्प बसले असेल, तर त्याला बोलते करा. नाहीतर त्याच्या वाट्याचा दंड दुसराच कोणी भरत राहतो.