डग्लसचे देणे

मुष्टियुद्धाच्या इतिहासात अनपेक्षित निकालांची वाण नाही. तथापि ११ फेब्रुवारी १९९० रोजी टोकियो डोमच्या रिंगणात जेम्स ‘बस्टर’ डग्लस याने माइक टायसनला दहाव्या फेरीत लोळवले, तेव्हा जाणत्यांच्या अंदाजांचा जो धुव्वा उडाला त्याला तोड सापडणे कठीण आहे. टायसन त्या दिवसापर्यंत सदतीस लढती लढला होता आणि सदतीसही जिंकला होता. त्यांपैकी तेहतीस प्रतिस्पर्धी पुरी लढत उभे राहू शकले नव्हते. वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी तो हेवीवेट गटाचा जगज्जेता झाला होता, आणि १९८८ च्या जूनमध्ये त्याने मायकेल स्पिंक्ससारख्या अपराजित योद्ध्याचा निकाल ९१ सेकंदांत लावला होता. अशा पुरुषासमोर डग्लस उभा राहणार म्हटल्यावर लास वेगासमधील बहुतेक जुगारगृहांनी त्या लढतीवर पैजेचा दरही काढला नाही. मिराज या एका जुगारगृहाने तो काढला, आणि लढतीच्या दिवशी तो डग्लसच्या विजयावर बेचाळीसास एक असा होता.

अंदाज चुकला म्हणून कोणाला धारेवर धरण्याचे कारण नाही. भविष्य वर्तवणारा माणूस केव्हातरी चुकतोच, आणि टायसनचे पूर्वचरित्र पाहता त्या वेळी निराळे भाकीत करणे बहुतेकांच्या शक्तीबाहेरचे होते. माझी हरकत आहे ती पुढच्या वर्तनाविषयी. निकाल डोळ्यांसमोर लागल्यावर ‘आम्ही या माणसाला कमी लेखले’ एवढी सरळ कबुली देऊन मोकळे होण्याऐवजी जाणत्यांच्या मोठ्या वर्गाने सबबींचे एक भलेमोठे दफ्तर तयार केले, आणि ते आजतागायत उघडून दाखवले जाते. त्या दफ्तरातील एकेक कागद तपासून पाहणे हे या लेखाचे प्रयोजन आहे.

पहिली आणि सर्वांत लोकप्रिय सबब अशी की, त्या दिवशी टायसन हा टायसनच नव्हता. त्याचा पराभव त्याने स्वतःच ओढवून घेतला. या म्हणण्यात तथ्यांश आहे, आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ज्या केव्हिन रूनीने त्याला घडवण्यात वाटा उचलला त्याला त्याने १९८८ सालीच दूर केले होते. टोकियोतील सरावात ग्रेग पेजने त्याला एकदा खाली पाडले होते. आणि त्याच्या कोपऱ्यातील मंडळी इतक्या बेफिकिरीने आली होती की, सूज दाबून धरण्याचे थंड लोखंडी उपकरणसुद्धा त्यांनी बरोबर आणले नव्हते, सबब एका रबरी हातमोज्यात बर्फाचे पाणी भरून ते त्याच्या डाव्या डोळ्याला लावण्याची पाळी आली. हे सारे मान्य. परंतु ही हकिकत सांगणारे लोक त्या हातमोज्यापाशी येऊन थांबतात. तो डोळा सुजला कशाने, हा प्रश्न त्यांना पडत नाही. बेफिकिरीने डोळा सुजत नाही. तो सुजला डग्लसच्या ठोशांनी, आणि पाचव्या फेरीच्या सुमारास तो जवळजवळ मिटला तोही त्याच ठोशांच्या अखंड माऱ्याने.

त्या माऱ्याचे स्वरूप नीट पाहण्यासारखे आहे. डग्लस सहा फूट साडेतीन इंच उंच, टायसन पाच फूट दहा. डग्लसच्या हातांचा पल्ला ८३ इंच, टायसनचा ७१. टायसनची सारी युद्धपद्धती या उणिवेवर मात करण्यासाठी रचलेली होती: डोके डावी-उजवीकडे झुलवीत, ठोसे चुकवीत आत शिरायचे, पाय घट्ट रोवायचे आणि मग बरगड्यांपासून हनुवटीपर्यंत प्रहारांचा भडिमार करायचा. डग्लसने हल्ला चढवला तो नेमका या क्रमाच्या सांध्यावर. टायसन पाऊल पुढे टाकी, परंतु ते रोवले जाण्याच्या आत डग्लसचा डावा जॅब त्याच्या चेहऱ्यावर आदळे. त्याने झुलणारे डोके क्षणभर जागच्या जागी थांबे, आणि त्या थांबण्याचा फायदा घेऊन मागून उजवा हात येई. इतके करूनही टायसन आत शिरलाच, तर डग्लस त्याचे दंड आपल्या काखेत जखडून टाकी, स्वतः बाजूला वळे आणि सुटता सुटता खालून एक अपरकट लगावी. आधीच्या प्रतिस्पर्ध्यांना टायसन भयानेच अर्धे जिंकत असे. डग्लस मात्र पहिल्या घंटेपासून त्याच्या समोर पाठीचा कणा ताठ ठेवून उभा होता, आणि मागे सरलाच तर भिऊन नव्हे, अंतर मोजून सरत होता. ढिल्या पडलेल्या योद्ध्याला दुसरा ढिला योद्धाही हरवील. ढिल्या टायसनला मात्र त्यापूर्वी कोणी हरवले नव्हते, ही गोष्ट सबब सांगणारे सोयीस्करपणे विसरतात.

दुसरी फिर्याद लांबलेल्या मोजणीची. आठव्या फेरीच्या अखेरीस टायसनच्या अपरकटने डग्लस पाठीवर पडला, आणि पंच ऑक्टाव्हिओ मेरान यांची मोजणी वेळाधिकाऱ्याच्या मोजणीपेक्षा मागे पडली, ही गोष्ट खरी आहे. टायसनचे प्रवर्तक डॉन किंग यांनी तेवढ्या आधारावर निकालच रद्द करण्याची मागणी केली, आणि जागतिक मुष्टियुद्ध परिषद व जागतिक मुष्टियुद्ध संघटना या दोन अधिकारी संस्थांनी डग्लसच्या विजेतेपदाची मान्यता तूर्त तहकूबही केली; लोकांचा क्षोभ पाहिल्यावर मात्र काही दिवसांतच त्यांना तो हुकूम मागे घ्यावा लागला. आता या फिर्यादीचा निवाडा करताना एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पडलेला मुष्टियोद्धा वेळाधिकाऱ्याच्या घड्याळाकडे पाहत नसतो; त्याचे कान आणि डोळे समोर बोटे दाखवणाऱ्या पंचाकडे लागलेले असतात, आणि ‘नऊ’ होईपर्यंत विश्रांती घेऊन मग उठावे हे त्याला लहानपणापासून शिकवलेले असते. डग्लस पडल्याबरोबर त्याने स्वतःवरच चिडून मूठ खाली आपटली. शुद्ध हरपलेला माणूस असा स्वतःवर रागावत नाही. तो पंचाच्या नवाला उठला. पंच जलद मोजते, तर तो आधी उठला असता, असे मानायला ती आपटलेली मूठ पुरेसा आधार देते. १९२७ साली शिकागोत जॅक डेम्प्सीने जीन टनीला पाडले तेव्हाही मोजणी अशीच लांबली होती, कारण डेम्प्सी नियमाप्रमाणे दूरच्या कोपऱ्यात जाण्यास विलंब करीत होता. टनी नवाला उठला आणि गुणांवर जिंकला. त्या लढतीवरही वर्षानुवर्षे वाद झाला, पण टनीच्या मुष्टिकौशल्याविषयी आज कोणी जाणता शंका घेत नाही. जो न्याय टनीला, तोच डग्लसला का नसावा?

शिवाय लढत आठव्या फेरीत संपली नव्हती. नवव्या फेरीत डग्लसनेच टायसनला दोरांपाशी रेटून बदडले, आणि दहाव्या फेरीत एका उजव्या अपरकटने त्याची मान मागे फेकली. त्यापाठोपाठ आलेल्या ठोशांच्या मालिकेने टायसन आयुष्यात प्रथमच व्यावसायिक लढतीत खाली गेला. चार पायांवर आल्यासारखा तो बाहेर पडलेले दातांचे संरक्षक चाचपडत शोधू लागला, ते त्याने एका टोकाने तोंडात धरले, आणि तशाच अवस्थेत तो उठला तेव्हा पंचांनी मोजणी पुरी करून त्याला कवेत घेतले.

परंतु माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत बोलका दस्तऐवज निराळाच आहे, आणि त्याची चर्चा व्हावी तितकी होत नाही. तो म्हणजे तीन गुणपंचांची नऊ फेऱ्यांअखेरची गुणपत्रके. एकाच्या मते डग्लस ८८ विरुद्ध ८२ असा पुढे होता. दुसऱ्याने दोघांनाही ८६ गुण दिले होते. तिसऱ्याच्या हिशेबी टायसनच ८७ विरुद्ध ८६ असा एका गुणाने आघाडीवर होता! ज्याचा एक डोळा मिटला आहे, ज्याचे डोके फेरीमागून फेरी जॅबखाली मागे फेकले जात आहे, तो आघाडीवर कसा? याचे उत्तर एवढेच संभवते की, टायसन जिंकणार हा समज त्या मंडळींनी रिंगणाबाहेर ठेवून दिला नव्हता. तो त्यांच्या शेजारी मेजावर बसला होता आणि गुण लिहिणाऱ्या हाताला वळण देत होता. डग्लसने लढत दहाव्या फेरीत स्वतः संपवली नसती आणि निर्णय कागदावर गेला असता, तर इतकी स्पष्ट आघाडी घेऊनही त्याच्या पदरात काय पडले असते, हे खात्रीने सांगता येत नाही. लढतीपूर्वीची अवहेलना क्षम्य आहे. लढत चालू असताना डोळ्यांदेखतचे नाकारणारी ही अवहेलना मला अधिक गंभीर वाटते.

तिसरे स्पष्टीकरण सद्भावनेचे आहे, म्हणून अधिक फसवे. लढतीपूर्वी तेवीस दिवस डग्लसची आई ल्यूला पर्ल निवर्तली. त्या शोकाने त्याच्या अंगी अलौकिक बळ संचारले, असे म्हणतात. शोकाने माणसाचा निर्धार दृढ होतो हे खरे, पण शोक कोणाला जॅब शिकवीत नाही. तो जॅब डग्लसला ओहायोतील कोलंबस गावी त्याचे वडील बिल डग्लस यांच्यासारख्या कसलेल्या मुष्टियोद्ध्याच्या हाताखाली बालपणीच मिळाला होता. १९८७ साली टोनी टकरशी लढताना तो दहाव्या फेरीत ढेपाळला, आणि तेव्हापासून ‘हा कसोटीला टिकत नाही’ असा शेरा त्याच्या नावापुढे पडला. या शेऱ्याला आधार होता, हे कबूल केले पाहिजे. पण त्यानंतर १९८९ या एकाच वर्षी त्याने माजी जगज्जेता ट्रेव्हर बर्बिक आणि पुढे १९९४ मध्ये वेम्बलीत लेनॉक्स लुईसला दुसऱ्याच फेरीत पाडणारा ऑलिव्हर मॅकॉल या दोघांनाही गुणांवर हरवले होते. ही नोंद कोणालाही पाहता येण्याजोगी होती. ती पाहिली गेली नाही, कारण कोणाला तिची गरज भासली नाही.

राहता राहिली शेवटची हरकत: त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला इव्हँडर होलिफिल्डने डग्लसला तिसऱ्याच फेरीत झोपवले, तेव्हा टोकियोचा विजय हा निव्वळ योगायोग होता. होलिफिल्डपुढे डग्लस २४६ पौंड वजनाने उभा राहिला, टोकियोपेक्षा साडेचौदा पौंड अधिक. त्याची तयारी लाजिरवाणी होती आणि त्याचा दोष पुरतेपणी त्याचाच. ऑक्टोबरच्या त्या अपयशाची नोंद त्याच्या खात्यावर अवश्य करावी. परंतु ऑक्टोबरच्या जबानीवरून फेब्रुवारीचा निवाडा फिरवता येत नाही. जो माणूस दहा फेऱ्या, घटकेमागून घटका, एकच योजना न डगमगता अमलात आणतो, त्याच्या हातून घडलेल्या गोष्टीला योगायोग म्हणणे हे शब्दाचे आणि त्या माणसाचे दोघांचेही वाटोळे करणे आहे.

त्या लढतीची चित्रफीत सुदैवाने सर्वांना उपलब्ध आहे. वाचकांना माझी विनंती आहे की, ती पाहताना आठवी आणि दहावी फेरी क्षणभर बाजूला ठेवावी. पहिल्यापासून पाचवीपर्यंतच्या फेऱ्या पाहाव्यात, आणि त्याही टायसनवरची नजर काढून, केवळ डग्लसच्या डाव्या हातावर ठेवून. मग गुण आपणच लिहावेत.