आडव्या बलाचा हिशेब

जबलपूरच्या नेपियर टाउनमधून मदन महल स्टेशन मागे टाकून गोंडांच्या किल्ल्याकडे निघाले की टेकड्यांवर ग्रॅनाइटचे गोटे एकमेकांवर चढवल्यासारखे पडलेले दिसतात. त्यातला एक अवाढव्य गोटा खालच्या खडकावर अगदी थोड्या जागेत टेकलेला आहे. शहर त्याला ‘बॅलन्सिंग रॉक’ म्हणते. 22 मे 1997 च्या पहाटे 5.8 तीव्रतेच्या भूकंपाने जबलपूर हादरले. सुमारे 40 माणसे दगावली, हजारो घरांना तडे गेले, काही कोसळली. गोटा मात्र होता तिथेच राहिला. तेव्हापासून त्याच्याकडे चमत्कार म्हणून बोट दाखवले जाते. पण त्याच्यामागे यंत्रशास्त्राचा एक साधा नियम आहे, आणि आपल्या बांधकामाच्या इतिहासाने तो फार उशिरा मनावर घेतला.

न्यूटनने 1687 मध्ये दुसरा नियम मांडताना दिशेचा उल्लेख मुद्दाम केला होता. गतीतला बदल बलाच्या प्रमाणात होतो आणि बल ज्या रेषेत लागते त्याच रेषेत होतो. दोन बले एकत्र आली तर समांतरभुज चौकोनाचा कर्ण घ्यायचा, हेही त्याने लगेच पुढे सांगितले. हा नियम ठरलेल्या अक्षांवर वेगवेगळा लिहून प्रत्येक दिशेचे समीकरण स्वतंत्र सोडवायचे, ही आज शाळेत शिकवली जाणारी रीत मात्र ऑयलरने 1750 मध्ये पक्की केली. तिचा अर्थ असा की उभ्या दिशेचे समीकरण वेगळे, आडव्या दिशेचे वेगळे. दोन्हींत वस्तुमान तेवढे सामाईक. उभ्या दिशेत कितीही मजबुती असली तरी ती आडव्या दिशेत आपोआप कामी येत नाही.

गोट्याला हे लावून पाहू. त्याचे वजन खाली ओढते, खडक वर रेटतो. उभा हिशेब जमला. जमीन आडवी हलली की गोट्यालाही आडवे त्वरण द्यावे लागते, आणि ते बल खालच्या टेकूतूनच यावे लागते. समजा गुरुत्वमध्य टेकूपासून 1 मीटर उंच आहे आणि टेकूच्या काठापासून 30 सेंटिमीटर आत. मग जमिनीचे आडवे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या 0.3 पट होईपर्यंत गोटा उचलला जात नाही. ही मर्यादा ओलांडली तरी तो पडेलच असे नाही. चिलीतल्या 1960 च्या भूकंपात उंच दांड्यावरच्या पाण्याच्या टाक्या उभ्या राहिल्या आणि भक्कम दिसणाऱ्या वास्तूंची मोडतोड झाली. त्याचे कारण जॉर्ज हाउसनरने 1963 मध्ये दाखवले: प्रमाण तेच ठेवून आकार वाढवला, तर वस्तू उलथायला अधिक वेळ लागतो, आणि तोवर जमिनीचा धक्का दिशा बदलून मोकळा होतो. जबलपूरचा भूकंप तर सुमारे 35 किलोमीटर खोलवर झाला होता, त्यामुळे जमिनीपर्यंत पोचेतो त्याचा जोर ओसरला. दिसायला डळमळीत असणे आणि प्रत्यक्षात डळमळीत असणे यांत असे अंतर असते.

घरांच्या बाबतीत नेमके उलटे होते. गवंडी, पाथरवट, अभियंते यांनी शतकानुशतके वजन पेलायचा विचार केला, कारण वजन रोज असते. आडव्या बलाचा आकडा अधिकृतपणे ठरायला 1908 चा इटलीतल्या मेसिनाचा भूकंप व्हावा लागला. तिथल्या समितीने खालच्या मजल्यासाठी वजनाच्या बाराव्या भागाइतके आडवे बल धरायला सांगितले. आपल्याकडे रेल्वेतले अभियंते एस. एल. कुमार यांनी 1931 च्या भूकंपानंतर बलुचिस्तानात वजनाच्या दहाव्या भागाइतके आडवे बल धरून रेल्वेची निवासस्थाने बांधली. 1935 च्या भूकंपात क्वेट्टा शहर जमीनदोस्त झाले. ही घरे टिकली. म्हणजे हे ज्ञान आपल्या उपखंडात, आपल्याच माणसाच्या हातून, स्वातंत्र्याच्या आधीच सिद्ध झालेले होते. तरीही भूकंपरोधक रचनेचे भारतीय मानक यायला 1962 उजाडले.

महाराष्ट्राला त्या आकड्यांची किंमत 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे, कोयनेच्या भूकंपात कळली. कोयनेचे 103 मीटर उंचीचे धरण बांधताना वजनाच्या 5 टक्के आडवे बल धरले होते, आणि तेही पायापासून माथ्यापर्यंत सारखेच. धरणातल्या यंत्राने प्रवाहाच्या दिशेत नोंदवलेले त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या जवळपास निम्मे निघाले. शिवाय धरण ताठ राहत नाही. ते वाकते, आणि माथा पायापेक्षा जास्त हलतो. जिथे उतार बदलून धरण वर अरुंद होते, त्या पट्ट्यात दोन्ही बाजूंना भेगा पडल्या. धरण फुटले नाही, हे त्याच्या अंगच्या वस्तुमानाचे आणि काँक्रीटचे श्रेय. आडव्या दिशेचा अंदाज मात्र फार तोकडा होता. पुढे काँक्रीटचे टेकू देऊन ते बळकट करण्यात आले.

किल्लारीत 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात हाच नियम घराघरांत उतरला. हा भाग तेव्हा भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. दगड-मातीच्या जाड भिंती आणि उन्हापासून बचावासाठी मातीचा थर चढवलेले माळवद. उभ्या भारासाठी ती रचना उत्तम. पिढ्यान् पिढ्या टिकलेली. पण आडवे बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. जेवढी माती डोक्यावर, तेवढा रेटा जास्त. आणि चिखलात बसवलेल्या दगडांना तो रेटा धरून ठेवणारे काहीच नव्हते. जाडी म्हणजे सुरक्षितता हा समज त्या पहाटे हजारो जिवांवर बेतला.

पुढच्या पिढीने माळवद सोडले आणि चूक दुसऱ्या टोकाला नेली. 2001 च्या भूजच्या भूकंपात तिथून 200 किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या. त्यांतल्या अनेकांच्या तळमजल्यावर फक्त गाड्यांसाठी मोकळी जागा आणि सडपातळ कॉलम होते. वरच्या मजल्यांच्या भिंती आडव्या रेट्याला अडवतात. तळाशी त्या नसल्या की सगळा रेटा कॉलमच्या टोकांवर येतो. जबलपूरपासून पुण्यापर्यंत आज खाली पार्किंग आणि वर मजले ही रूढ रीत झाली आहे. जबलपूर मध्यम धोक्याच्या क्षेत्रात मोडते.

उपाय महागडे नाहीत. विटांच्या घरात जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छताखाली सलग काँक्रीटचा पट्टा, कोपऱ्यांत उभ्या सळ्या, दगडी भिंतीत आरपार जाणारे दगड, तळमजला मोकळा असेल तर आडव्या बलासाठी खास काँक्रीटच्या भिंती, छत हलके. मानकांत हे सगळे लिहिलेले आहे. अडते ते नकाशा मंजूर होण्याच्या आणि सळई बांधली जाण्याच्या मधल्या जागेत. पालिकेच्या टेबलावर चटईक्षेत्राचा हिशेब इंचाइंचाने होतो. आडव्या बलाची गणिते कुणी तपासली, हे क्वचितच विचारले जाते. खेड्यात तर गवंडीच अभियंता असतो, आणि त्याला प्रशिक्षण बहुधा भूकंप होऊन गेल्यावर मिळते.

मेसिना, क्वेट्टा, कोयना, किल्लारी, भूज: प्रत्येक वेळी नियम आधी माहीत होता आणि अंमल प्रेते मोजल्यावर आला. हा क्रम बदलायचा तर घर बांधणाऱ्या प्रत्येकाने आपल्या अभियंत्याला एक प्रश्न विचारावा: ही इमारत आडव्या दिशेत किती बल सोसते? आणि त्याचे उत्तर आकड्यात, सहीनिशी दिल्याशिवाय बांधकामाचा परवाना मिळू नये.