नानाची टांग!

मेडिक्लेम रिजेक्ट झाला की आपण काय करतो? आधी शिव्या, मग कस्टमर केअर, मग एचआरला खरमरीत मेल. लेखी भांडायची आपल्या पिढीला छान सवय आहे. घरात कुणी फौजेतून रिटायर झालेलं असेल, तर ती सवय त्यांच्यासाठी वापरा. त्यांच्या कपाटात एखादं ‘नाना’वालं पत्र पडलेलं असू शकतं.

हा नाना कुणाचा काका नव्हे. ‘नायदर अ‍ॅट्रिब्युटेबल टू, नॉर अ‍ॅग्रॅव्हेटेड बाय मिलिटरी सर्व्हिस’चा हा शॉर्टफॉर्म. म्हणजे तुमचं दुखणं नोकरीमुळे झालं नाही आणि नोकरीनं वाढलंही नाही. सबब, डिसॅबिलिटी पेन्शन नाही.

माझ्या मैत्रिणीच्या बाबांना असंच पत्र आलं होतं. साताऱ्याकडचे हवालदार. भरती झाले तेव्हा ठणठणीत, बाहेर पडले ते ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेऊन. मेडिकल बोर्डानं अपंगत्व लिहिलं ३० टक्के आणि पुढे ‘नाना’. ‘सरकार नाही म्हणालं, विषय संपला,’ म्हणत काकांनी पत्र ट्रंकेत टाकलं. फौजी माणूस, ऑर्डर म्हणजे ऑर्डर!

पण बॉस, विषय तिथे संपत नाही. धरमवीर सिंग १९८५ साली सिग्नल्समध्ये भरती झाले. १९९४ मध्ये फिट्सच्या आजारामुळे, २० टक्के अपंगत्व लिहून त्यांना घरी पाठवलं. पेन्शन नाकारली. हायकोर्टात ते एकदा जिंकले, मग हरले. अखेर जुलै २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो नोकरीमुळेच झाला असं धरायचं. तसं नसेल तर ते सिद्ध करायचं काम जवानाचं नाही. बोर्डानं कारणं लिहायची, आणि शंकेचा फायदा जवानाला.

आता कामाचं. नकाराचं पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिलं अपील. तिथेही ‘नाही’ आलं तर दुसरं. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण, २००९ पासून सुरू झालेलं. मुंबईतही त्याचं खंडपीठ आहे. भरतीच्या वेळचा मेडिकल रिपोर्ट, बोर्डाचे कागद, पोस्टिंगची यादी आणि नकाराचं पत्र, एवढं जमवा. कागद गहाळ असतील तर रेकॉर्ड ऑफिसला लिहा, नाहीतर माहिती अधिकाराचा अर्ज ठोका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारा.

उशीर झालाय? दार बंद होत नाही, पण खिशाला चाट बसते. २००८ च्या तरसेम सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टानं थकबाकी दिली ती केस टाकण्याआधीच्या तीनच वर्षांची. आणि हो, २१ सप्टेंबर २०२३ नंतर बाहेर पडलेल्यांना नवे नियम लागू आहेत, ते आधी वाचा.

प्रश्न चिल्लरचा नाही. २०१४ च्या राम अवतार निकालानंतर मुदत पूर्ण करून रिटायर झालेल्यांनाही राउंडिंगचा फायदा मिळाला. म्हणजे काकांचे ३० टक्के ५० धरले जाऊ शकतात, तेही आयुष्यभर.

पैशासाठी भांडणं या लोकांना कमीपणाचं वाटतं. त्यांना समजवा, ही भीक नाही, हिशेब आहे. सही त्यांची, टायपिंग तुमचं. एक रविवार मॉलला सुट्टी द्या आणि ती ट्रंक उघडा.