बिरादरीला वळसा

इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या पाकिस्तानी घरात मुलगी विशीत आली की पूर्वी पाकव्याप्त काश्मीरमधल्या मीरपूरला फोन जायचा. साठच्या दशकात मंगला धरणाने तिथली लाखभर माणसं उठवली. त्यांतले कित्येक इंग्लंडच्या कापडगिरण्यांत कामाला लागले. गावं बुडाली, नात्यागोत्याची बिरादरी मात्र शाबूत राहिली. भावाचा मुलगा ‘मंगेतर’ म्हणून आणला की मुलीचं लग्न उरकायचं, भावाचा शब्द राहायचा आणि पुतण्याला व्हिसा मिळायचा. एका दगडात तीन पक्षी!

तो फोन आता कमी झालाय. ‘बॉर्न इन ब्रॅडफर्ड’ या दीर्घ अभ्यासाच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे 2007 ते 2010 दरम्यान, पाकिस्तानी वंशाच्या सुमारे 62 टक्के मातांचा नवरा नात्यातलाच होता. 2016 ते 2019 च्या टप्प्यात हे प्रमाण 46 टक्क्यांवर आलं. ब्रिटनमध्येच जन्मलेल्या मातांत तर ते 36 टक्के होतं.

शिक्षण वाढलं, घरातलं वारं बदललं, व्हिसाचे नियम आवळले गेले, ही अभ्यासकांची कारणं पटण्यासारखी आहेत. पण घरातल्या वादात पोरांच्या कामी आलेलं हत्यार वेगळंच आहे, आणि ‘इंटिग्रेशन’ची काळजी वाहणाऱ्या पुढाऱ्यांना ते दिसतच नाही. ते म्हणजे खुद्द इस्लाम. ‘अब्बू, बिरादरी हा आपला रिवाज आहे, दीन नाही. मुलगा मुसलमान आहे ना, मग बंगाली असला म्हणून काय झालं? आणि निकाहला माझी कबुली लागते की नाही?’ यावर अब्बू काय बोलणार? शाळा सुटल्यावर रोज मशिदीत शिकायला त्यांनीच तर धाडलं होतं. डोक्यावर हिजाब आला म्हणजे पोरगी माघारी वळली, असं समजणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

शहजाद यूनस यांनी लंडनमधली बँकेची नोकरी सोडून ‘मझमॅच’ हे लग्न जुळवणारं अ‍ॅप काढलं, ते याच पिढीसाठी. आज त्याचं नाव ‘मझ’ आहे. पंथ कोणता, नमाज किती नियमित, हे तिथे प्रोफाइलवरच कळतं. मुलगी हवं तोवर आपला फोटो धूसर ठेवू शकते. तिची इच्छा असेल तर दोघांच्या गप्पांची प्रत थेट तिच्या वलीकडे, म्हणजे बहुधा बापाकडे किंवा भावाकडे, जाते. प्रेम करायचं, पण वडीलधाऱ्यांच्या नजरेखाली. फक्त ती नजर किती लांब ठेवायची, हे मुलगी ठरवते.

कायदा मात्र या निवडीच्या पाठीशी उभा नाही. 1998 मध्ये लंडनमधल्या साउथॉलच्या एका रेस्टॉरंटात दीडशेक पाहुण्यांसमोर, इमामाच्या साक्षीने एक निकाह झाला. सरकारी नोंदणी नंतर करू, असं ठरलं. ती झालीच नाही. पुढे चार मुलं झाली, संसार मोडला, बाई कोर्टात गेली. 2020 मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की कायद्याच्या दृष्टीने हे लग्नच नव्हतं, रद्दबातल ठरवण्याइतकंही नाही. साहजिकच घटस्फोटानंतरच्या आर्थिक हक्कांचं दार तिला बंद झालं. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये धार्मिक विधी आणि नोंदणी एकाच वेळी होते. निकाहाच्या जोडप्याला सहसा रजिस्ट्री ऑफिसची वेगळी फेरी मारावी लागते.

लग्न कायदेशीर ठरायला ते सहसा मान्यता असलेल्या इमारतीतच लागावं लागतं; हा नियम इमारतीला नव्हे, लग्न लावणाऱ्याला लावा, अशी शिफारस इंग्लंडच्या लॉ कमिशनने 2022 मध्ये केली. पण बिरादरीशी भांडून स्वतःचा नवरा निवडणाऱ्या मुलीला लग्नाच्या धामधुमीत ‘आधी नोंदणी’ म्हणणं आजही जड जातं. सासरच्यांना त्यात अविश्वासाचा वास येतो.