भीतीवर उपचार आहे, पण कोठे?

पनवेलजवळच्या विचुंब्यात राहणाऱ्या एका चाकरमान्याची कल्पना करा. वय छत्तीस, पदरी दोन मुले, घराचा हप्ता वीस वर्षांचा आणि नोकरी मुंबईत. एके सकाळी गाडी वाशीची खाडी ओलांडीत असता त्याची छाती एकाएकी धडधडू लागते, हातापायांना मुंग्या येतात, श्वास पुरेनासा होतो आणि आपण आता मरणार अशी त्याची खात्री पटते. मानखुर्दला सहप्रवासी त्याला उतरवून घेतात. इस्पितळात हृदयाचा आलेख काढतात. तो निर्दोष निघतो. ‘तुम्हाला काही झालेले नाही, टेन्शन घेऊ नका,’ असे सांगून त्याची बोळवण होते. पंधरा दिवसांनी तोच प्रकार पुन्हा घडतो. मग तो ती गाडी सोडतो, नंतर पूल टाळतो आणि अखेर रजा टाकून घरी बसतो.

हा गृहस्थ काल्पनिक आहे. तथापि आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना तो ओळखीचा वाटेल, आणि काहींना आरशातलाही वाटेल. म्हणूनच राजकारणाच्या बातम्यांना थोडे बाजूस सारून हा विषय आम्ही आज पहिल्या पानावर घेतला आहे.

‘काही झालेले नाही’ हे वाक्य धीर देण्यासाठी उच्चारले जाते. परंतु ते खोटे आहे. त्या गृहस्थाला चिंताविकार झाला आहे. संकट समोर असताना शरीराने पळण्याची वा झुंजण्याची तयारी करावी, ही निसर्गाची योजना होय. संकट नसताना तीच तयारी होऊ लागली आणि माणूस त्या तयारीलाच भिऊ लागला, म्हणजे तिचा विकार होतो. यात भित्रेपणाचा संबंध नाही. शिक्षकी पेशात असताना परीक्षेच्या दिवशी पोट धरून बसणाऱ्या एका मुलाला ‘नाटके करू नकोस’ म्हणून आम्ही दटावून वर्गात पाठविले होते. तो थरथरत होता हे आम्हांला दिसले होते. त्याचा अर्थ मात्र कळला नव्हता.

आता उपचाराकडे वळू. या विकाराचा मुख्य उपचार हे एक प्रकारचे शिक्षणच आहे. ज्या गोष्टीची भीती वाटते ती टाळली की क्षणभर सुटल्यासारखे वाटते, परंतु त्या सुटकेनेच भीती पोसली जाते. म्हणून उपचारक रोग्याला टाळलेल्या गोष्टीकडे पायरीपायरीने परत नेतो. आमच्या चाकरमान्याला तो प्रथम रिकाम्या गाडीने पनवेलहून खांदेश्वरपर्यंतच जाण्यास सांगेल. धडधड झाली तरी उतरायचे नाही; ती चढते आणि आपोआप ओसरते, हे अंगाने अनुभवायचे. मग मानसरोवर, मग खारघर, बेलापूर, नेरूळ. वाशीचा पूल अगदी शेवटी. त्याबरोबरच ‘छाती धडधडली म्हणजे हृदय बंद पडणार’ या अनुमानाची तो वकिलासारखी उलटतपासणी करावयास शिकवील. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आणि पुढे ॲरन बेक यांनी विचारांच्या या तपासणीचा पाया घातला. एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धती कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात आणली व शिकविली. हे काम बहुधा दहापंधरा बैठकींत होते. जन्मभर कोचावर पडून बालपण उगाळावे लागत नाही.

औषधांविषयी आमच्या समाजात दोन टोके आहेत. काहीजण गोळीच्या नावानेच दचकतात, तर काहीजण शेजाऱ्याची गोळी मागून घेतात. मेंदूतील सेरोटोनिन या द्रव्यावर काम करणारी औषधे गुणकारी आहेत आणि त्यांची नशा लागत नाही. मात्र त्यांचा गुण दिसावयास काही आठवडे लागतात आणि बरे वाटल्यावरही ती कित्येक महिने चालू ठेवावी लागतात. आमच्या लोकांचा धीर नेमका येथेच सुटतो. उलट अल्प्राझोलाम वा डायझेपाम यांसारख्या गोळ्या अर्ध्या तासात शांत करतात, म्हणून त्या लोकप्रिय झाल्या. परंतु त्यांची सवय जडते, मात्रा वाढत जाते, आणि दीर्घकाळ घेतल्यावर त्या एकदम बंद करणे धोक्याचे ठरते. २०१४ पासून या गोळ्या ‘एच-१’ सूचीत आहेत. विक्रेत्याने डॉक्टरचे व रोग्याचे नाव नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी, असा नियम आहे. तो किती दुकानांत पाळला जातो, याची पाहणी अन्न व औषध प्रशासनाने करावी.

योगाने हा विकार बरा होतो का, असे आम्हांला नेहमी विचारले जाते. येथे अभिमानापेक्षा प्रयोग बरा. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया यांनी पातंजल योगावर आधारलेली पद्धती मनोरुग्णांवर वापरून पाहिली. एका गटाला पूर्ण साधना, तर दुसऱ्याला वरवर तशाच दिसणाऱ्या हालचाली देऊन त्यांनी तुलना केली आणि १९७३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या गटाला अधिक गुण आला. परंपरेची परीक्षा घेण्याची ही रीत आजच्या प्रचारकांनी उचलली असती तर किती बरे झाले असते!

उपचार असा माहीत असताना तो मिळतो किती जणांना? बंगळुरूच्या ‘निमहान्स’ने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत चिंता व औदासीन्य यांसारख्या सामान्य मनोविकारांचे सुमारे ८५ टक्के रोगी उपचारावाचून असल्याचे आढळले. पाहणीच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण म्हणून आपण निश्चिंत राहावे असे मुळीच नाही.

मनोविकारतज्ज्ञ थोडे आहेत, ही सबब खरी आहे. पुरेशी मात्र नाही. शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ यांनी डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशनाचे शिक्षण देऊन आरोग्य केंद्रांत बसविले. गरज पडेल तेथे डॉक्टरांची व तज्ज्ञांची साथ होती. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांतील रोगी नेहमीच्या पद्धतीपेक्षा अधिक प्रमाणात बरे झाले. गोव्याला जे साधले ते रायगड जिल्ह्याला का साधू नये?

कायदाही रोग्याच्या बाजूस आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळणे हा हक्क ठरविला आहे. किमान सेवा जिल्ह्यात उपलब्ध नसेल तर त्याच जिल्ह्यात अन्यत्र घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने सोसावा, असेही त्यात म्हटले आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ सुरू झाले. १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. वाचकांनी तो टिपून ठेवावा. परंतु फोनवरचा माणूस खांदेश्वरपर्यंत सोबत येऊ शकत नाही.

म्हणून आमची मागणी अगदी छोटी आहे. पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय आणि आसपासची प्राथमिक आरोग्य केंद्रे यांत प्रशिक्षित समुपदेशक नेमावेत, त्यांच्यावर देखरेखीस तज्ज्ञ असावा, आणि आठवड्यातून निदान दोन दिवस हे काम संध्याकाळी चालावे. सरकारी बाह्यरुग्ण विभाग सकाळी उघडतो. त्या वेळी विचुंब्याचा माणूस गाडीत असतो, किंवा गाडी सुटू देऊन फलाटावरच उभा असतो.