पाषाणावरील मेणाचे डाग

"दगडाला काय होतें?" असें आम्ही आजवर बेफिकिरीनें म्हणत आलों. त्याचें उत्तर आम्हांस सन 2020 मध्यें आमच्याच देवघरांत मिळालें. त्या वर्षीं जूनच्या 3 तारखेस 'निसर्ग' नांवाचें चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें आणि त्याचा तडाखा आमच्या दापोली तालुक्यासही बसला. माड-पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, आणि दाभोळास आमच्या घरीं कित्येक रात्री मेणबत्त्यांच्या उजेडांत गेल्या. वीज आली तेव्हां देव्हाऱ्याखालच्या संगमरवरी शिळेवर मेणाचे थर जमले होते, व अंगणांतील जांभ्याच्या वृंदावनावर तेलाचे काळे डाग पडले होते. ती शिळा आमच्या मातोश्रींनीं हौसेनें बसवून घेतलेली. त्यांचा हात रोज सकाळीं तिच्यावरून फिरे.

आम्हीं लागलीच चिंच व लिंबू मागविलें. पितळेस जें चालतें तें दगडास कां चालूं नये? सूनबाई म्हणाली, "मामंजी, आधीं एखाद्या कोपऱ्यांत लावून पाहूं या का?" तीस वर्षें आम्हीं वर्गांत मुलांस 'आधीं प्रयोग, मग सिद्धान्त' असें बजावलें, पण त्या दिवशीं तिचें ऐकलें नाहीं. मेण तर निघालें नाहींच. उलट भोंवतालची झळाळी जाऊन पांढुरके चट्टे उठले. ते आजही आहेत.

कारण सोपें आहे. संगमरवर व शहाबादी फरशी हे चुन्याच्या जातीचे पाषाण. चिंच, लिंबू, व्हिनेगर किंवा बाजारांतील फरशी धुण्याचें ॲसिड लागतांच त्यांचा पृष्ठभाग विरघळूं लागतो. म्हणजे तो डाग नव्हे, झीज होय. ती धुऊन जात नाहीं. मेणावर मात्र अम्लाचा कांहींच परिणाम होत नाहीं. जांभ्याची गोष्ट निराळी. तो सच्छिद्र असल्यानें तेल व मेण आंत झिरपतें, आणि तारेच्या घासणीनें घासल्यास दगडच भुगा होऊन निघतो. काळा दगड घट्ट. त्यांत डाग तितका खोल जात नाहीं.

योग्य रीति ती अशी. मेणावर बर्फाचा खडा पिशवींत घालून ठेवावा. मेण ठिसूळ झालें कीं बांबूच्या चिपेनें हलकेंच उचलावें. सुरी अगर उलथनें वापरूं नये, ओरखडा कायमचा उठतो. उरलेल्या मेणावर टीपकागद पसरून वरून कोमट इस्त्री फिरवावी. मेण वितळून कागदांत शिरतें. कागद वारंवार बदलावा, नाहीं तर तेंच मेण पुन्हां दगडांत मुरेल. जांभ्यावर उष्णता बेतानेंच द्यावी.

तेलाचा डाग आंत मुरला असल्यास मुलतानी माती रिठ्याच्या पाण्यांत दाट कालवून बोटभर जाड थर द्यावा, वर ओलें फडकें झांकून एक रात्र ठेवावें आणि दुसऱ्या दिवशीं फडकें काढून थर आपोआप वाळूं द्यावा. वाळतांना माती डाग आपल्याकडे ओढून घेते. दिव्याची वात तेल वर ओढते तोच हा न्याय. एका खेपेस न निघाल्यास पुन्हां करावें. शेवटीं स्वच्छ पाण्यानें धुवावें. हळदीचा डाग बाहेरच्या दगडावर असेल तर उन्हानेंच फिका होतो. तेथें घाई नको. आणि प्रत्येक उपाय आधीं न दिसणाऱ्या कोपऱ्यांत करून पाहावा.

हें सारें घरच्या दगडापुरतें. आमच्या गांवच्या चंडिकादेवीच्या गुहेंत दर्शन तेलाच्या दिव्यांच्या उजेडांत होतें. तेथील काजळी कोणी भाविकानें खरवडावयास जाऊं नये. सन 2022 मध्यें वणीच्या सप्तशृंगीदेवीच्या मूर्तीवरील शेंदराचे जुने थर उतरविण्यांत आले, पण तें काम तज्ज्ञांच्या देखरेखीखालीं झालें. पुरातन पाषाणाचें काम जाणत्यांकडेच सोंपवावें.

आमच्या वृंदावनावरचे डाग सूनबाईनें मातीचे तीन लेप देऊन काढले. शिळेवरील चट्टे मात्र राहिले. आतां समई व मेणबत्ती पितळी ताटलींतच ठेवावयाची, असा घरांत दंडक आहे. नवी शिळा आणूं, असें मुलगा म्हणाला होता. आम्हीं नको म्हटलें. पूजेस बसलों कीं ते चट्टे समोर दिसतात, आणि घरांतल्या धाकट्या माणसाचा शब्द आम्ही आतां पुरता ऐकून घेतों.