डाग, दाखला आणि डॉक्टरकी

सोलापूरहून निघून अक्कलकोट ओलांडले की पुढचा तालुका अफजलपूर. मधे राज्याची हद्द आहे, पण सोयरिकीला, बाजारहाटाला आणि दवाखान्याच्या फेऱ्यांना ती कधी आडवी आली नाही. या अफजलपूर तालुक्यातल्या एका तरुणाने १९९७ मध्ये गुलबर्ग्यात एमबीबीएसला प्रवेश घेतला. २००२ मध्ये खुनाच्या गुन्ह्यात त्याला अटक झाली आणि २००६ मध्ये जन्मठेप. तुरुंगाच्या दवाखान्यात तो राबला, क्षयाच्या कैद्यांची सेवा केली. चांगल्या वर्तणुकीमुळे २०१६ मध्ये सुटका झाली. त्याने विद्यापीठाकडे अर्ज केला, कर्नाटकच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाने कायदेशीर सल्ला घेऊन त्याला अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करू दिले. २०१९ मध्ये तो एमबीबीएस झाला आणि २०२० च्या सुरुवातीला इंटर्नशिपही संपली. तेव्हा त्याचे वय चाळीस होते.

ही बातमी आली तेव्हा अनेकांनी जिद्दीचे कौतुक केले, अनेकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. दोन्ही प्रतिक्रिया आम्हाला खऱ्या वाटतात. ज्या घरातला माणूस त्या खुनात गेला, त्या घरी ही बातमी कशी वाचली गेली असेल, हे कौतुक करणाऱ्यांनी मनात आणून पाहावे. आणि दुसरीकडे, कायद्याने दिलेली शिक्षा भोगून झालेल्या माणसाने पुढची तीस वर्षे करायचे तरी काय, याचे उत्तर आठ्या घालणाऱ्यांनी द्यावे.

प्रश्न डॉक्टरकीचा असल्यामुळे तो अधिक नाजूक आहे. आपल्या सिव्हिलच्या केसपेपरच्या खिडकीपुढे सकाळी जी रांग लागते, तिच्यात पहिल्या एसटीने आलेली एखादी आजी असते. कन्नडमिश्रित मराठीत ती आपले दुखणे सांगते, समोरच्या पोरसवदा डॉक्टरचे नावसुद्धा विचारत नाही आणि मुकाट्याने हात पुढे करते. सुतार किंवा शिंप्याच्या हाती कोणी आपला देह असा सोपवत नाही. म्हणूनच डॉक्टरच्या पूर्वायुष्याची चौकशी करण्याचा अधिकार समाजाला आहे, यात आम्हाला शंका नाही. आमची तक्रार वेगळी आहे. ही चौकशी कोणी, केव्हा आणि कोणत्या निकषावर करायची हे आपण कधी धडपणे ठरवलेलेच नाही.

आज लागू आहे ती २००२ ची आचारसंहिता. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवी नियमावली आणली आणि त्याच महिन्यात ती स्थगित केली, त्यामुळे जुनीच चालू राहिली. नोंदणीकृत डॉक्टरला 'नैतिक अधःपतना'च्या किंवा फौजदारी कृत्यासाठी शिक्षा झाली, तर ते गैरवर्तन ठरते आणि राज्याची वैद्यक परिषद त्याचे नाव काही काळ किंवा कायमचे नोंदवहीतून काढू शकते, असे ती सांगते. नैतिक अधःपतन म्हणजे नेमके काय, याची व्याख्या मात्र तिच्यात नाही. आणि ज्याला आधीच शिक्षा झालेली आहे, त्याने नव्याने नोंदणी मागितली तर काय करायचे, याबाबत ती गप्पच आहे. हे मौन महाग पडते. एखाद्याचे नशीब टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर ठरते, आणि मर्जी कुणाकडे झुकते हे आपल्याकडे सांगावे लागत नाही.

गुन्हा आणि गुन्हा यांत फरक करायलाच हवा. परळीच्या डॉ. सुदाम मुंडे यांच्या रुग्णालयात २०१२ मध्ये बेकायदा गर्भपात करताना एका महिलेचा जीव गेला. २०१९ मध्ये न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. जामिनावर बाहेर आल्यावर २०२० च्या सप्टेंबरमध्ये तेच मुंडे पुन्हा बेकायदा दवाखाना चालवताना पकडले गेले. हा गुन्हा डॉक्टरकीच्या आडून, रुग्णाच्या असहायतेवर, पैशासाठी केलेला. अशा हातात पुन्हा स्टेथोस्कोप देण्याचा विचारही करू नये. गर्भलिंगनिदानविरोधी कायदा इथे निदान स्पष्ट आहे: आरोपनिश्चिती झाली की निकालापर्यंत नोंदणी निलंबित करता येते, पहिल्या शिक्षेला पाच वर्षे नाव काढायचे, दुसऱ्या वेळी कायमचे. इतकी स्पष्टता बाकीच्या गुन्ह्यांबाबत का नसावी? विशीतल्या मुलाने रागाच्या भरात केलेली मारामारी, पाण्यासाठी केलेल्या रास्ता रोकोत लागलेले कलम आणि भूल दिलेल्या रुग्णावर केलेला अत्याचार, ही सगळी प्रकरणे एकाच मोघम शब्दाच्या पोत्यात कोंबली जातात.

त्यात आता आणखी एक भिंत उभी राहिली आहे आणि तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष नाही. आयोगाच्या २०२३ च्या पदवी शिक्षण नियमांप्रमाणे प्रवेशाच्या तारखेपासून नऊ वर्षांत एमबीबीएस पुरे झालेच पाहिजे, कोणत्याही परिस्थितीत त्यापुढे शिकता येणार नाही. वर्षानुवर्षे वसतिगृहात मुक्काम ठोकणाऱ्यांना आळा बसावा म्हणून हा नियम केला असेल, तर हेतू रास्तच आहे. पण अफजलपूरच्या त्या माणसाला पदवीपर्यंत पोचायला बावीस वर्षे लागली. हा नियम लागू असता तर त्याच्या अर्जावर विचारसुद्धा झाला नसता. तुरुंगातून बी.ए. करता येते, मुक्त विद्यापीठाची केंद्रे तिथपर्यंत पोचली आहेत. वॉर्डातल्या खाटेशेजारी उभे राहून शिकायची विद्या मात्र कोठडीत शिकता येत नाही.

दोषी ठरलेल्यांचे राहू द्या. देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे सुमारे तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. समजा दुसऱ्या वर्षाचा एखादा विद्यार्थी खोट्या गुन्ह्यात अडकला, सहा-सात वर्षे आत राहिला आणि निर्दोष सुटला. न्यायालय म्हणेल, तुझ्यावर डाग नाही. महाविद्यालय म्हणेल, तुझी नऊ वर्षे संपली. ज्याने गुन्हाच केलेला नाही, त्याला ही जन्माची शिक्षा कोणत्या कलमाखाली?

सर्वोच्च न्यायालयाने या वाटेवर एक खूण करून ठेवली आहे. मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी यांनी २०१९ च्या मे महिन्यात आयुष्य संपवले. जातिवाचक छळाचा आरोप असलेल्या तीन डॉक्टर महिलांना न्यायालयाने ८ ऑक्टोबर २०२० रोजी पदव्युत्तर शिक्षण पुरे करण्यासाठी त्याच रुग्णालयात परतण्याची मुभा दिली. दोष सिद्ध होईपर्यंत शिक्षणाची दारे बंद करता येणार नाहीत, हा त्यामागचा विचार. आदिवासी घरातून डॉक्टर झालेली लेक गमावलेल्या आईवडिलांना तो निकाल किती जड गेला असेल, याची जाणीव ठेवूनही आम्हाला त्यातले तत्त्व मान्य आहे. फक्त ते सर्वांना सारखे लागू व्हावे. दिल्लीपर्यंत वकील उभा करण्याची ऐपत नसलेल्या बिडी कामगाराच्या पोरालाही.

हे सोलापूरने सांगायला हवे, त्याला कारण आहे. इंग्रजांच्या १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांखाली माणसांना जन्मजात गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात ठेवण्यात आले, ते 'सेटलमेंट' याच शहरात होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जमाती विमुक्त झाल्या, पण आजही पत्ता लिहिताना 'सेटलमेंट फ्री कॉलनी' असे लिहावे लागते. त्या वस्तीतल्या मुलीने चारित्र्य पडताळणीच्या अर्जावर हा पत्ता लिहिला की समोरच्या नजरेत काय बदलते, ते तिथल्या कुठल्याही घरात जाऊन विचारावे. कागदावरचा डाग कायद्याने पुसला तरी माणसांच्या मनातून पुसायला किती पिढ्या जातात, हे या शहराइतके कोणी पाहिलेले नाही.

म्हणून काही गोष्टी तातडीने व्हाव्यात. नोंदणीच्या आणि दर पाच वर्षांनी होणाऱ्या नूतनीकरणाच्या अर्जात शिक्षा आणि प्रलंबित खटला यांची माहिती सक्तीने मागावी. लपवले तर तेवढ्यावरून नोंदणी नाकारावी. सांगितले तर मात्र तेवढ्यावरून नाकारू नये. माहिती दडवू नये, पण तरुणपणीच्या किरकोळ गुन्ह्याकडे दुर्लक्ष करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये नोकरीच्या संदर्भात अवतार सिंग प्रकरणात म्हटलेच आहे. रुग्णाशी, औषधाशी, स्त्रिया आणि मुलांवरील अत्याचाराशी संबंध असलेले गुन्हे वेगळे काढून त्यांची यादी जाहीर करावी. बाकीच्यांची सुनावणी तीन जणांसमोर व्हावी आणि त्यातला एक डॉक्टर नसावा, कारण धोका पत्करणारा रुग्ण त्या खोलीत आज हजरच नसतो. पीडिताच्या कुटुंबालाही तिथे बोलू द्यावे. निर्णय कारणांसह लेखी द्यावा आणि पहिली काही वर्षे सरकारी रुग्णालयात, वरिष्ठांच्या नजरेखाली काम करण्याची अट घालावी.

नऊ वर्षांच्या हिशेबाला तर इतकी वाट पाहण्याचीही गरज नाही. निर्दोष सुटलेल्या विद्यार्थ्याचा कोठडीतला काळ त्यातून वजा करावा, एवढी एक ओळ नियमात घालायची आहे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने हा प्रस्ताव आयोगाकडे पाठवावा, आणि सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्राध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी त्यासाठी पहिले पत्र लिहावे.